अमेरिकेतनं बोलावणं आलं, पण हा गडी गेलाच नाही : मेक्सिकोच्या हेक्टर एस्पिनोची गोष्ट

समजा, गावाकडच्या मैदानावर सिक्स मारत सुटलेल्या एखाद्या पोराला थेट आयपीएलच्या चॅम्पियन टीमनं बोलावलं आणि पोरगा म्हणाला, "नाही येत." आपण काय म्हणू? डोकं फिरलंय का याचं, असंच ना?

बेसबॉलमध्ये हे खरंच घडलंय. 1964 साली सेंट लुईस कार्डिनल्स ही टीम अमेरिकेत वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे मेजर लीग या जगातल्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल लीगची चॅम्पियन. पुढच्या सीझनच्या सराव शिबिरासाठी या टीमनं मेक्सिकोतल्या एका पंचविशीतल्या खेळाडूला बोलावलं. शिबिर सुरू झालं, पण हा गडी पोहोचलाच नाही. आज नाही, उद्या येईल म्हणता म्हणता तो कधीच आला नाही.

त्याचं नाव हेक्टर एस्पिनो. मेजर लीगमध्ये तो एकही मॅच खेळला नाही. तरीही मेक्सिकोत आजपर्यंतचा सगळ्यात भारी बॅटर कोण, असं विचारलं तर पहिलं नाव त्याचंच निघतं. त्यानं नकार का दिला आणि त्या नकाराची किंमत काय होती, हे समजून घ्यायचं असेल तर आधी मेक्सिकोतल्या बेसबॉलची सिस्टिम बघावी लागेल.

आधी बेसबॉलचं दोन मिनिटांत

बेसबॉलचं मैदान हिऱ्याच्या आकाराचं असतं. चार कोपऱ्यांवर चार बेस. बॉल मारायचा, पळायचं, एकेक बेस गाठत परत घरच्या बेसवर यायचं, की एक रन. बॉल थेट कुंपणाबाहेर गेला तर होमरन. क्रिकेटमधला सिक्स समजा, पण सिक्सपेक्षा खूप अवघड.

या हिऱ्याच्या आसपास जे चौघं फिल्डिंग करतात त्यांना म्हणतात इन्फिल्डर. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे शॉर्टस्टॉप. एस्पिनो पहिल्या बेसवर उभा राहायचा. बाकीच्या इन्फिल्डरनी जमिनीवरचा बॉल उचलून फेकला, की पहिल्या बेसवाल्यानं तो पकडायचा आणि पळत येणाऱ्या बॅटरला आऊट करायचं, हे त्याचं मुख्य काम. या जागेवर बहुतेक वेळा टीमचा दांडगा बॅटर उभा असतो. एस्पिनो तसाच होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बेसबॉलमधलं बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे दर 1000 प्रयत्नांमागे किती हिट. 1000 मध्ये 300 हिट मारले की खेळाडू उत्तम समजला जातो. म्हणजे दहातल्या सात वेळा फसणारा माणूससुद्धा इथं हिरो असतो.

मेक्सिकोत बेसबॉल बारमाही कसा?

मेक्सिको म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो. पण देशाच्या उत्तरेला, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या राज्यांमध्ये आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर बेसबॉलचं वेड फार जुनं आहे. मेक्सिकन लीग सुरू झाली 1925 साली.

इथली खरी गंमत अशी, की बेसबॉलचे सीझन दोन. उन्हाळ्यात मेक्सिकन लीग. ती संपली की ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत हिवाळी लीग, जी वायव्येकडच्या सोनोरा, सिनालोआ या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या राज्यांमध्ये रंगते. आज तिला मेक्सिकन पॅसिफिक लीग म्हणतात. त्यानंतर फेब्रुवारीत कॅरिबियन सिरीज, जिथं आसपासच्या देशांच्या हिवाळी लीगचे विजेते एकमेकांना भिडतात.

म्हणजे चांगला खेळाडू उन्हाळ्यात एका शहराचा आणि हिवाळ्यात दुसऱ्या शहराचा. वर्षभर खेळ आणि वर्षभर कमाई. अमेरिकेत न जाता फक्त बेसबॉलवर घर चालवता येईल, अशी सोय मेक्सिकोत होती. एस्पिनोच्या निर्णयाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

जेव्हा गर्दी उलट्या दिशेनं वाहत होती

मेक्सिकोचा खेळाडू अमेरिकेकडे बघतो हे चित्र आपल्या ओळखीचं. पण 1940 च्या दशकात अमेरिकेचे खेळाडू मेक्सिकोकडे येत होते.

तेव्हा मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता. 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा कुठं ती भिंत पडली. त्याआधी कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग होत्या आणि तिथले कितीतरी दिग्गज पैशासाठी आणि मानासाठी मेक्सिकोत खेळायला यायचे. त्यातले दोन मोठे इन्फिल्डर म्हणजे शॉर्टस्टॉप विली वेल्स आणि तिसऱ्या बेसवरचा रे डँड्रिज. वेल्सला मेक्सिकोत 'एल दियाब्लो' म्हणजे सैतान म्हणायचे, इतका तो प्रतिस्पर्ध्यांना छळायचा. मेक्सिकोत आपल्याला माणूस म्हणून वागवलं जातं, इथं आपण मोकळे आहोत, हे त्यानं उघडपणे सांगितलं होतं. हॉटेल असो की हॉटेलातलं जेवण, कातडीचा रंग विचारून दार बंद होत नव्हतं.

मग 1946 साली होर्हे पास्केल या मेक्सिकोतल्या बड्या धनिकानं थेट मेजर लीगच्याच खेळाडूंना जास्त पैसे देऊन फोडायला सुरुवात केली. अमेरिकेत एवढी खळबळ उडाली, की मेक्सिकोत गेलेल्या खेळाडूंवर मेजर लीगनं पाच वर्षांची बंदी घातली. ती 1949 मध्ये उठवली गेली. पण पास्केलचा पैसा आटला, स्वप्न विरलं आणि 1955 साली मेक्सिकन लीग अमेरिकेच्या मायनर लीगच्या रचनेत सामील झाली. कागदावर ती आता मेजर लीगच्या खालची पायरी होती.

खालची पायरी म्हटलं की वर चढायची अपेक्षा आलीच. व्हेराक्रूझचा बेतो आव्हिला हा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू पुएब्लाकडून मेक्सिकन लीग गाजवून क्लीव्हलँडला गेला आणि 1954 साली 0.341 च्या ॲव्हरेजनं अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला. पुढं तो व्हेराक्रूझचा महापौरही झाला. हुशार मेक्सिकन खेळाडूनं काय करावं, याचा नकाशाच आव्हिलानं आखून दिला होता.

एस्पिनोनं तो नकाशा घडी करून ठेवून दिला.

चिहुआहुआचा सुपरमॅन

एस्पिनोचा जन्म 6 जून 1939 चा, उत्तरेकडच्या चिहुआहुआ राज्यातला. खालच्या लीगमध्ये चमक दाखवून 1962 साली तो मेक्सिकन लीगमध्ये आला, मॉन्टेरे शहराच्या सुल्तानेस टीमकडून. सुल्तानेस म्हणजे आपल्या भाषेतले सुलतानच. पहिल्याच वर्षी टीम चॅम्पियन झाली आणि एस्पिनो लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

दोन वर्षांनी, 1964 मध्ये, त्यानं कहर केला. ॲव्हरेज 0.371 आणि 46 होमरन. एका सीझनमधल्या होमरनचा हा विक्रम पुढं 22 वर्षं कुणाला मोडता आला नाही. 1986 साली जॅक पिअर्स या अमेरिकन खेळाडूनं 54 मारले तेव्हा तो मोडला. गंमत म्हणजे पिअर्ससुद्धा पहिल्या बेसवरचाच.

लोकांनी एस्पिनोला नावं दिली 'चिहुआहुआचा सुपरमॅन' आणि 'एल निन्यो असेसिनो', म्हणजे मारेकरी पोरगा. तो बॅट घेऊन आला की पिचरची पाचावर धारण बसायची. कितीतरी वेळा समोरची टीम त्याला मुद्दाम लांब बॉल टाकून फुकटात पहिला बेस देऊन टाकायची. एक बेस गेला तरी चालेल, पण याला मारायला बॉल मिळता कामा नये, असा हिशोब असायचा.

जॅक्सनव्हिलमधले ते काही आठवडे

1964 च्या त्या सीझननंतर कार्डिनल्सनं एस्पिनोला आपल्या जॅक्सनव्हिल सन्स या टीममध्ये बोलावून घेतलं. ही टीम मेजर लीगच्या फक्त एक पायरी खाली होती. तिथं तो 32 मॅच खेळला. ॲव्हरेज 0.300, होमरन तीन. नवा देश, नवी भाषा, अनोळखी पिचर आणि तरीही दहात तीन हिट. थोडक्यात, पोरगं तिथंही कमी पडलं नाही.

पण जॅक्सनव्हिल आहे फ्लोरिडात आणि साल होतं 1964. अमेरिकेचा दक्षिण भाग वर्णभेदाच्या आगीत होता. याच शहरात 1960 साली लंच काउंटरवर शांतपणे बसून आंदोलन करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांवर जमावानं कुऱ्हाडीच्या दांड्यांनी हल्ला केला होता. मार्च 1964 मध्येही तिथं वांशिक दंगल झाली होती. वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा 2 जुलै 1964 ला सही होऊन आला खरा, पण कायदा आला म्हणून शहर एका रात्रीत बदलत नसतं. सावळ्या रंगाच्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या एस्पिनोला ते वातावरण रोज अनुभवावं लागलं.

सीझन संपला, एस्पिनो घरी परतला. पुढच्या वर्षी बोलावणं आलं, आणि तो गेला नाही.

"नाही" का म्हणाला?

या निर्णयामागं तीन कारणं कायम सांगितली जातात.

पहिलं, वर्णभेद. मॉन्टेरेत रस्त्यावरून जाताना लोक ज्याला गर्दी करून भेटायचे, त्यालाच फ्लोरिडात परक्या नजरांचा सामना करावा लागत होता. पुन्हा तेच सोसायला जायचं कशासाठी?

दुसरं, पैशाचा वाटा. हे कारण जरा नीट समजून घेऊ. तेव्हाच्या व्यवस्थेत खेळाडू हा क्लबच्या मालकीचा असायचा. करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क क्लबकडेच राहायचा. दुसऱ्या टीमला तो हवा असेल तर सौदा व्हायचा दोन मालकांमध्ये आणि विक्रीची रक्कम जायची जुन्या मालकाच्या खिशात. जो माणूस विकला जातोय त्याला विचारायचं कारणच नव्हतं. एस्पिनोचं म्हणणं होतं, की माझ्या विक्रीत माझाही वाटा हवा. तो त्याला मिळाला नाही.

तिसरं, घर. मेक्सिकोत त्याच्याकडे काय नव्हतं? उन्हाळ्यात मॉन्टेरे, हिवाळ्यात एर्मोसियो, दोन्हीकडे राजासारखा मान आणि बारा महिने कमाई. मेजर लीगमध्ये जाऊन लगेच मालामाल होण्याचा तो काळ नव्हता. तिथला किमान पगार 1947 साली वर्षाला 5,000 डॉलर होता, तो वीस वर्षांनी, 1967 मध्ये, जेमतेम 6,000 वर पोहोचला होता. शिवाय कार्डिनल्सकडे पहिल्या बेसवर बिल व्हाइट हा मुरलेला खेळाडू आधीच होता. म्हणजे जायचं, बेंचवर बसायचं, वाट बघायची.

हे सगळं एकत्र मांडलं की तो नकार वेडेपणाचा वाटत नाही. पुढंही त्याला अमेरिकेतून विचारणा होत राहिली. त्याचं उत्तर बदललं नाही.

राहिला, तर काय केलं?

मेक्सिकन लीगमध्ये त्यानं पाच वेळा बॅटिंगचं विजेतेपद मिळवलं. त्यातली तीन तर 1966 ते 1968 अशी लागोपाठ. 1984 पर्यंत तो खेळत राहिला आणि थांबला तेव्हा त्याच्या नावावर होते 453 होमरन आणि 0.335 चं ॲव्हरेज. दोन दशकांहून जास्त काळ दर तीन प्रयत्नांत एक हिट. त्याआधीच्या खालच्या लीगमधले आणि जॅक्सनव्हिलचे तीन धरले, तर एकूण 484. मायनर लीगच्या सगळ्या स्तरांची गोळाबेरीज केली की इतके होमरन दुसऱ्या कुणाचे नाहीत.

1970 च्या दशकात तो टॅम्पिको या बंदराच्या शहरातल्या टीमकडून खेळला. टीमचं नाव अलिहादोरेस, म्हणजे जहाजावरचा माल उतरवणारे गोदीतले हमाल. यांचं मैदान जगावेगळं होतं. आऊटफिल्डमधून चक्क रेल्वेचे रूळ जायचे. गाडी आली की मॅच थांबायची, गाडी गेली की पुन्हा सुरू. 1975 साली ही टीम चॅम्पियन झाली.

पण त्याचं खरं साम्राज्य होतं हिवाळ्यात. सोनोरा राज्यातल्या एर्मोसियो शहराची नारान्हेरोस ही टीम, म्हणजे संत्री पिकवणारे. या टीमचा तो जवळपास पाव शतक आधार होता. हिवाळी लीगमध्ये त्यानं बॅटिंगची 13 विजेतेपदं मिळवली. एखाद्याला आयुष्यात एक मिळालं तरी तो नातवंडांना सांगत बसेल.

1971 पासून मेक्सिकोचे चॅम्पियन कॅरिबियन सिरीजमध्ये खेळायला लागले होते. डोमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको आणि व्हेनेझुएलाच्या टीममध्ये मेजर लीगचे खेळाडू भरलेले असायचे आणि मेक्सिकोला फारसं कुणी मोजत नसे. 1976 साली सान्तो डोमिंगोत ही सिरीज झाली. नारान्हेरोसनी ती जिंकली. मेक्सिकोचं हे पहिलंच विजेतेपद आणि सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू हेक्टर एस्पिनो, वय 36. जे अमेरिकेत जाऊन सिद्ध केलं नाही म्हणून लोक टोमणे मारायचे, ते त्यानं मेजर लीगच्या खेळाडूंसमोरच करून दाखवलं होतं.

त्याच वर्षी एर्मोसियोच्या स्टेडियमला त्याचं नाव देण्यात आलं. तो तेव्हा अजून खेळत होता. म्हणजे हा माणूस स्वतःच्याच नावाच्या स्टेडियममध्ये बॅटिंगला यायचा.

पण हे रेकॉर्ड मोजायचं कसं?

एस्पिनोचा विषय निघाला की एक प्रश्न येतोच. मेक्सिकन लीगचा दर्जा मेजर लीगइतका नव्हता, मग या आकड्यांना किंमत किती?

प्रश्न रास्त आहे. 1967 मध्ये मेक्सिकन लीगला ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालचा दर्जा मिळाला. त्यात मेक्सिकोतली काही मैदानं खूप उंचावर आहेत. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंच. तिथं हवा विरळ, त्यामुळे बॉल जास्त लांब जातो आणि बॅटरचे आकडे फुगतात. पण एस्पिनोची घरची मैदानं तशी नव्हती. मॉन्टेरे सुमारे 540 मीटरवर, एर्मोसियो त्याहून खाली आणि टॅम्पिको तर समुद्रकाठीच. उंचीचा फायदा त्याला मिळाला तो मुख्यतः पाहुणा म्हणून खेळताना.

जॅक्सनव्हिलचे 32 सामने आणि 1976 ची कॅरिबियन सिरीज बघता तो मेजर लीगमध्ये टिकला असता, असं मानायला जागा आहे. तिथं तो महान ठरला असता का, हे सांगता येत नाही. नकाराची किंमत म्हणतात ती हीच. त्यानं ती आयुष्यभर मोजली, कारण प्रत्येक मुलाखतीत प्रश्न फिरून तिथंच यायचा.

हक्काची लढाई तो एकटा लढत नव्हता

एस्पिनो ज्या व्यवस्थेला अडला, तिलाच पुढं एका कार्डिनल्सच्याच खेळाडूनं कोर्टात खेचलं. त्याचं नाव कर्ट फ्लड. 1964 च्या चॅम्पियन टीममधला हा आऊटफिल्डर. 1969 मध्ये त्याला न विचारता दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, तेव्हा तो म्हणाला, मी विकत घ्यायची वस्तू नाही. 1972 मध्ये तो सुप्रीम कोर्टात हरला, पण तीनच वर्षांनी, 1975 च्या अखेरीस, एका लवादाच्या निकालानं मेजर लीगमधली ही पद्धत मोडून पडली.

मेक्सिकोतही ठिणगी पडली. 1980 च्या उन्हाळ्यात खेळाडू संपावर गेले, लीग मधेच कोलमडली आणि संपकऱ्यांनी पुढं स्वतःची वेगळी लीग काही वर्षं चालवली. ती टिकली नाही. पण खेळाडूलाही स्वतःचं मत असतं, हे मालकांना ऐकावं लागलं.

आज काय उरलंय?

एस्पिनोचा 453 चा विक्रम 2001 साली दुसऱ्या एका इन्फिल्डरनं मोडला. कांपेचेचा नेल्सन बरेरा, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. तो 455 पर्यंत पोहोचला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 44 व्या वर्षी, घरी विजेचा धक्का बसून गेला. एस्पिनो हा विक्रम मोडलेला बघायला नव्हता. 7 सप्टेंबर 1997 ला मॉन्टेरेत त्याचं निधन झालं होतं. त्याचा 21 नंबर मेक्सिकन लीगमध्ये कुठलीच टीम आता कुणाला देत नाही.

2021 मध्ये मेजर लीगनं मायनर लीगची नव्यानं मांडणी केली. तेव्हापासून मेक्सिकन लीगवरचा 'ट्रिपल-ए'चा शिक्का गेला आणि ती भागीदार लीग झाली. 2024 मध्ये तिथं 20 टीम खेळत होत्या. त्याच वर्षी मेजर लीग गाजवलेला दुसऱ्या बेसवरचा रॉबिन्सन कानो चाळिशी ओलांडून मेक्सिको सिटीच्या दियाब्लोस रोहोस टीमकडून खेळला, 0.431 च्या ॲव्हरेजनं बॅटिंग चॅम्पियन झाला आणि टीमला विजेतेपदही मिळवून दिलं. म्हणजे गर्दी अजूनही कधीकधी उलट्या दिशेनं वाहते.

वरून बोलावणं आलं की जायचंच असतं, असं आपण गृहीत धरतो. एस्पिनोनं आधी दोन साधे प्रश्न विचारले. तिथं मला कसं वागवणार? आणि माझ्या सौद्यात माझं काय? समाधानकारक उत्तर मिळालं नाही, म्हणून तो घरीच राहिला आणि पुढची वीस वर्षं रोज मैदानात उतरून बॉल कुंपणाबाहेर धाडत राहिला.